विद्वत्संस्थांचे सभासदत्व आणि राजकारण : काही ठरावांच्या भाषेची चिकित्सा

१

शास्त्रीय व तांत्रिक विषयांच्या संस्थांनी सभासद निवडताना, त्यांना मानाची पदे देताना किंवा त्यांना दूर करताना राजकारणाचा विचार करावा काय, या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले उत्तर असे की, शास्त्राला पक्ष नसतो. म्हणून संस्थेने सभासदाचे केवळ शास्त्रीय कार्य पाहावे आणि इतर सर्व गोष्टी दाराबाहेर ठेवाव्यात. दुसरे उत्तर असे की, शास्त्रज्ञही समाजातच वावरतो, त्याच्या संस्थेला समाजाचा पैसा व समाजाने दिलेली प्रतिष्ठा लाभते. म्हणून राजकारणापासून अलिप्त राहण्याची भाषा एक तर भाबडेपणाची असते, नाहीतर ढोंगाची. दोन्ही उत्तरांत तथ्यांश आहे. परंतु 'राजकारण' हा शब्द एकाच अर्थाने वापरला जातो असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले आहे, आणि वादातील बराचसा गोंधळ या गृहीतातून उत्पन्न होतो.

सभासदत्वाच्या संदर्भात या शब्दाचे निदान तीन अर्थ वेगळे काढावे लागतात. एक, सभासद नागरिक या नात्याने जी मते बाळगतो व मांडतो ती मते. दोन, शासन किंवा सत्ताधारी पक्ष संस्थेवर जी इच्छा लादतो ती इच्छा. तीन, ज्ञानाच्या व्यवहाराची जी साधने आहेत, म्हणजे पुरावा, मुक्त चर्चा, परस्परविश्वास, संशोधकाची सुरक्षितता, त्यांना बाध आणणारे सभासदाचे वर्तन. हे वर्तन बहुधा कोणत्या ना कोणत्या सत्तेच्या आश्रयाने घडते, म्हणून त्यालाही राजकारणच म्हटले जाते. हे तीन अर्थ वेगळे केल्यावाचून मूळ प्रश्नाचे 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देणे म्हणजे तीन प्रश्नांना एकच उत्तर देणे होय.

या भेदाची कसोटी घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे प्रत्यक्ष ठराव आणि निवेदने वाचणे. संस्थेचा ठराव हे एक वाङ्मयीन लेखनच असते. त्यात कोणते विशेषण निवडले, कोणता कर्ता गाळला, कशाविषयी मौन बाळगले, यावरून संस्थेने आपल्या मनाशी काय ठरवले होते ते पुष्कळदा तिच्या इच्छेविरुद्धही उघड होते.

२

पहिले उदाहरण भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना जवळचे आहे. फ्रांझ बोआस (१८५८–१९४२) हे अमेरिकन मानववंशशास्त्राचे आणि तेथील वर्णनात्मक भाषाशास्त्राचे एक प्रमुख प्रवर्तक. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन इंडियन भाषांविषयीच्या ग्रंथाला त्यांनी जोडलेली प्रस्तावना आजही अभ्यासली जाते. लॅटिन व्याकरणाचे साचे परक्या भाषांवर लादू नयेत, प्रत्येक भाषेचे वर्णन तिच्या स्वतःच्या रचनेवरून करावे, हा आग्रह त्यांच्या परंपरेतून पुढे आला. १९५४ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे जे वर्ग भरू लागले, त्यांतून ही वर्णनात्मक पद्धती भारतातील विद्यार्थ्यांच्या एका पिढीला परिचित झाली.

२० डिसेंबर १९१९ रोजी 'द नेशन' या साप्ताहिकात बोआस यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. महायुद्धाच्या काळात निदान चार व्यक्तींनी मानववंशशास्त्राच्या संशोधनाचे निमित्त पुढे करून परदेशात अमेरिकन सरकारसाठी हेरगिरी केली, असा त्यांचा आरोप होता. त्यांनी नावे दिली नव्हती. सैनिक, मुत्सद्दी, राजकारणी किंवा व्यापारी यांच्या आचाराला समाजाने वेगळी मापे लावलेली असतात. परंतु सत्याची सेवा हेच ज्याच्या जीविताचे सार, त्या शास्त्रज्ञाने संशोधनाचा मुखवटा घालून हेरगिरी केली तर त्याला शास्त्रज्ञ म्हणवून घेण्याचा अधिकार उरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. पत्रात अध्यक्ष विल्सन यांच्यावरही कठोर टीका होती.

पत्र प्रसिद्ध झाल्यावर दहाच दिवसांनी, ३० डिसेंबर १९१९ रोजी, अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिकल असोसिएशनची सभा मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे भरली आणि वीस विरुद्ध दहा मतांनी बोआस यांच्या निषेधाचा ठराव संमत झाला. संस्थेच्या नियामक मंडळातील त्यांचे स्थान गेले. नॅशनल रिसर्च कौन्सिलमधूनही त्यांना बाहेर पडावे लागले. ज्या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता आणि जिचे ते पूर्वी अध्यक्ष होते, तिनेच हा निर्णय केला.

ठरावाचे शब्द लक्षपूर्वक पाहिले असता दोन गोष्टी प्रत्ययास येतात. पहिली अशी की, बोआस यांचे मतप्रदर्शन 'असमर्थनीय' आहे असे त्यात म्हटले आहे. ते 'असत्य' आहे असे कोठेही म्हटलेले नाही. हा भेद केवळ शब्दच्छलाचा नव्हे. 'असत्य' हा शब्द वापरला असता तर पुरावा तपासणे संस्थेला भाग पडले असते. 'असमर्थनीय' हा शब्द वापरल्याने वस्तुस्थितीचा प्रश्न बाजूला ठेवून औचित्याच्या प्रश्नावर मत देता आले. ज्या शास्त्राची प्रतिज्ञाच मुळी निरीक्षणावर आधारलेली, त्या शास्त्राच्या संस्थेने स्वतःच्या घरातील आरोपाच्या बाबतीत निरीक्षणच टाळले. दुसरी गोष्ट अशी की, बोआस यांचे मत हे संस्थेचे मत नव्हे, असे ठरावाने जाहीर केले. परंतु बोआस यांनी तसे म्हटलेच नव्हते. पत्र त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले होते. जो दावा केला गेला नाही त्याचे खंडन करणे अनावश्यक असते. ते केले जाते तेव्हा त्याचा हेतू खंडनाचा नसून दूर सारण्याचा असतो.

निर्णयाची रीतही तितकीच सदोष होती. सॅम्युएल लोथ्रॉप, सिल्व्हेनस मॉर्ली, हर्बर्ट स्पिंडेन आणि जॉन आल्डन मेसन ही नावे पुढे इतिहाससंशोधनातून निश्चित झाली. यांपैकी पहिल्या तिघांनी निषेधाच्या बाजूने मत दिले होते, असे आढळून आले. म्हणजे ज्यांच्या वर्तनाविषयी तक्रार होती, तेच तक्रारदाराच्या न्यायासनावर बसले होते. मेसन यांनी मात्र निषेधाच्या बाजूने मत दिले नाही. आपण देशभक्तीच्या भावनेने त्या कामात पडलो, असे त्यांनी पुढे बोआस यांना पत्राने कळवले.

बोआस यांच्या विरोधकांची बाजू सर्वथा पोकळ होती असे मात्र म्हणता येणार नाही. आरोप करून नावे न दिल्यामुळे मध्य अमेरिकेत प्रामाणिकपणे उत्खनन करणाऱ्या प्रत्येकावर संशयाची छाया पडली आणि परदेशातील सरकारांकडून त्यांना अडथळा होण्याची शक्यता निर्माण झाली, हा आक्षेप विचारार्ह होता. आरोप संस्थेच्या चौकशी-मंडळापुढे न नेता साप्ताहिकात मांडला, हाही आक्षेप घेता येण्यासारखा होता. परंतु या आक्षेपांवरचा उपाय चौकशी हा होता. संस्थेने नावे मागितली असती, पुरावा मागितला असता आणि तो अपुरा ठरल्यावर बोआस यांना दोष दिला असता, तर तो निर्णय कठोर असूनही शास्त्रीय ठरला असता. संस्थेने तसे केले नाही. युद्धकालीन देशाभिमान, जर्मनीत जन्मलेल्या व युद्धाला विरोध करणाऱ्या विद्वानाविषयीचा रोष, आणि न्यूयॉर्क, वॉशिंग्टन व केंब्रिज येथील विद्वानांमधील जुनी चढाओढ या सर्वांनी मिळून जे ठरवले, ते 'संस्थेची तटस्थता' या नावाखाली नोंदवले गेले.

येथे वर सांगितलेला भेद उपयोगी पडतो. बोआस यांचे युद्धविरोधी मत हे पहिल्या अर्थाचे राजकारण होते. त्यांनी ज्या वर्तनाकडे बोट दाखवले ते तिसऱ्या अर्थाचे राजकारण होते, कारण संशोधकाच्या परिचयपत्रावरील विश्वास नष्ट झाला तर क्षेत्रीय अभ्यासच अशक्य होतो. संस्थेने तिसऱ्याकडे डोळेझाक केली आणि पहिल्याबद्दल शिक्षा दिली. अर्थात् राजकारणापासून दूर राहण्याच्या नावाने तिने नेमके तेच राजकारण केले, जे करावयास नको होते.

बोआस यांना याची झळ लागली, तरी त्यांचे कार्य थांबले नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेचे ते १९२८ मध्ये अध्यक्ष झाले. मानववंशशास्त्रीय संस्थेने मात्र १९१९ चा निषेध २००५ साली, म्हणजे शहाऐंशी वर्षांनी, मागे घेतला. तत्पूर्वी १९७१ मध्ये तिने व्यावसायिक जबाबदारीची जी तत्त्वे स्वीकारली, त्यांत गुप्त संशोधनाला विरोध नोंदवला होता. बोआस यांना १९१९ मध्ये जे म्हटल्याबद्दल दोष दिला गेला, तेच सुमारे अर्धशतकानंतर संस्थेच्या नियमात आले.

३

दुसरे उदाहरण बर्लिनचे आहे. जर्मनीत नाझी पक्षाकडे सत्ता आल्यानंतर अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी २८ मार्च १९३३ रोजी प्रशियन विज्ञान अकादमीचा राजीनामा दिला. १ एप्रिल रोजी अकादमीच्या नावाने एक निवेदन प्रसिद्ध करण्यात आले. आइन्स्टाइन यांनी परदेशात जर्मनीविरुद्ध प्रचार केला असा त्यात आरोप होता. अकादमी पक्षीय राजकारणापासून कटाक्षाने अलिप्त राहत आली आहे, तरी राष्ट्राच्या कल्पनेशी ती सदैव एकनिष्ठ आहे, आणि म्हणून आइन्स्टाइन यांच्या जाण्याचा खेद करण्याचे तिला कारण नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता.

एका वाक्याच्या आत अलिप्तता आणि एकनिष्ठा यांची ही सांगड मननीय आहे. वाक्याची रचना अशी की, अलिप्तता हा गौण भाग आहे आणि एकनिष्ठा हा मुख्य भाग. 'म्हणून' हे अव्यय निष्कर्ष काढते ते मुख्य भागावरून. याचा अर्थ असा होतो की, ज्या राजकारणाला त्या क्षणी राष्ट्र असे नाव मिळाले होते ते राजकारणच नव्हे, आणि त्याला विरोध करणे तेवढे राजकारण. सत्तेच्या बाजूला असलेली भूमिका अशा रीतीने भाषेत अदृश्य होते. माक्स फॉन लाउए यांनी अकादमीने या निवेदनाला मान्यता देऊ नये म्हणून प्रयत्न केला. तो निष्फळ ठरला.

जर्मन फिजिकल सोसायटीचे १९३८ चे पत्र याहून अधिक बोलके आहे. ९ डिसेंबर १९३८ रोजी संस्थेचे अध्यक्ष पीटर डेबाय यांनी सभासदांना कळवले की, प्रचलित परिस्थितीच्या सक्तीमुळे न्युरेंबर्गच्या कायद्यांच्या अर्थाने जे जर्मन यहुदी आहेत त्यांचे सभासदत्व यापुढे चालू ठेवता येत नाही. सबब ज्यांना हे लागू होते त्यांनी आपण संस्था सोडत असल्याचे कळवावे. डेबाय हे रसायनशास्त्राच्या १९३६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते आणि मूळचे डच होते. १९४० च्या आरंभी ते जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. त्यांच्या वैयक्तिक जबाबदारीविषयी २००६ नंतर हॉलंडमध्ये पुष्कळ वाद झाला, आणि त्यांच्यावर किती दडपण होते हा त्या वादाचा एक मुख्य मुद्दा होता. तो वाद येथे सोडवण्याचे प्रयोजन नाही. पत्राच्या व्याकरणाकडे पाहणे पुरेसे आहे.

'चालू ठेवता येत नाही' या क्रियापदाला कर्ता नाही. कोणी ठरवले, कोणाला येत नाही, हे वाक्य सांगत नाही. परिस्थिती हेच जणू कारण आणि तोच कर्ता. परंतु पुढच्याच वाक्यात कर्ता अचानक उपस्थित होतो, आणि तो म्हणजे ज्याला काढावयाचे तो सभासद. संस्था काढत नाही. त्याने स्वतः जावयाचे आहे व तसे लेखी कळवावयाचे आहे. बळी ठरणाऱ्या माणसालाच वाक्याचा कर्ता करावयाचा, ही या पत्राची भाषिक युक्ती होय. अशा पत्राच्या साह्याने संस्थेच्या दप्तरात हकालपट्टी कोठेच नोंदली जात नाही. नोंदले जातात ते केवळ राजीनामे.

हे राजकारण दुसऱ्या अर्थाचे आहे. शासनाच्या आज्ञेपुढे संस्था हतबल असू शकते. कायद्याचा भंग करून तिने आपले अस्तित्व गमवावे असा आदेश दुरून देणे सोपे असते. परंतु हतबल संस्थेलाही एक कर्तव्य उरते. आज्ञा ही आज्ञा आहे असे तिने लिहावे; तिला परिस्थिती म्हणू नये, आणि आपला निर्णय दुसऱ्याच्या तोंडी घालू नये. हे कर्तव्य लहान दिसते, पण पुढील काळात अन्यायाचे परिमार्जन करावयाचे झाल्यास तेवढाच एक आधार हाती उरतो.

४

वरील उदाहरणांवरून, राजकारणाचा स्पर्शही सभासदत्वाला होऊ देऊ नये असे अनुमान कोणी काढील. ते अनुमान घाईचे होय, हे पुढील दोन घटनांवरून दिसून येईल.

योहान्नेस स्टार्क यांना १९१९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या शास्त्रीय योग्यतेविषयी शंका नव्हती. ते नाझी पक्षाचे उघड समर्थक होते आणि १९३३ मध्ये सत्तेच्या पाठबळावर जर्मन भौतिकशास्त्राचे सर्व नियंत्रण आपल्या हाती घेण्याचा त्यांचा प्रयत्न चालू होता. प्रशियन अकादमीसाठी त्यांचे नाव सुचवले गेले तेव्हा लाउए यांनी विरोध केला आणि ते नाव मागे घेण्यात आले. केवळ शास्त्रीय कार्य पाहावे हा नियम शब्दशः पाळला असता तर स्टार्क यांची निवड अटळ होती. लाउए यांचा आक्षेप स्टार्क यांच्या मतांपुरता नव्हता. संशोधनाची नियतकालिके व नेमणुका एका हुकमतीखाली आणण्याच्या त्यांच्या खटपटीवर तो होता.

दुसरी घटना मॉस्कोची. सोव्हिएत रशियात ट्रोफिम लिसेंको यांच्या अनुयायांनी सत्तेच्या बळावर आनुवंशिकीचा अभ्यास दडपून टाकला होता. १९४८ च्या उन्हाळ्यात तेथील कृषिविज्ञान अकादमीत निवडणुकीविना, सरकारी आदेशाने, नवे सभासद नेमण्यात आले आणि ऑगस्टच्या अधिवेशनात लिसेंकोपंथाचा विजय जाहीर झाला. राजकारण सभासदांना बाहेर काढते तसे आतही आणते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. निष्कासनाची चर्चा पुष्कळ होते, अनुचित प्रवेशाची होत नाही. जून १९६४ मध्ये लिसेंको यांचे सहकारी निकोलाय नुझ्दिन यांचे नाव विज्ञान अकादमीच्या पूर्ण सभासदत्वासाठी सर्वसाधारण सभेपुढे आले. जीवरसायनशास्त्रज्ञ व्लादिमिर एंगेलहार्ट, भौतिकशास्त्रज्ञ इगोर ताम आणि आंद्रेइ सखारोव यांनी विरोधी भाषणे केली. जीवशास्त्राची जी अधोगती झाली, खोट्या शास्त्राचा जो प्रसार झाला, आणि कित्येक खऱ्या शास्त्रज्ञांची जी बदनामी, बडतर्फी व अटक झाली, एवढेच नव्हे तर काहींचे जे प्राण गेले, त्याची जबाबदारी लिसेंको यांच्याबरोबर नुझ्दिन यांच्यावरही येते, असे सखारोव यांनी स्पष्ट सांगितले. मतदान गुप्त पद्धतीचे होते. नुझ्दिन मोठ्या बहुमताने पराभूत झाले. सत्ताधारी निकिता ख्रुश्चेव्ह यांना याचा अतिशय राग आला. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनाच पदच्युत व्हावे लागले.

मॉस्कोच्या सभेतील निर्णय राजकीय होता काय? लिसेंकोपंथीयांनी तो तसा मानला असणे स्वाभाविक आहे. पण १९१९ च्या केंब्रिज येथील ठरावाशी त्याची तुलना केली असता फरक उघड होतो. केंब्रिजमध्ये विद्वानाच्या मतांविरुद्ध कौल दिला गेला. मॉस्कोमध्ये शास्त्राच्या साधनांवर झालेल्या आघाताविरुद्ध. केंब्रिजमध्ये वस्तुस्थितीचा प्रश्न टाळला गेला. मॉस्कोमध्ये वस्तुस्थितीच सभेपुढे मांडली गेली. केंब्रिजमध्ये बहुमत देशातील प्रबळ भावनेच्या दिशेने वाहत गेले. मॉस्कोमध्ये ते तिच्या विरुद्ध उभे राहिले, आणि गुप्त मतदानाने त्याला तसे उभे राहता आले. म्हणून तिसऱ्या अर्थाचे राजकारण सभासदत्वाच्या निर्णयात विचारात घेणे केवळ क्षम्य नव्हे, तर आवश्यक आहे. ज्याने सहकाऱ्यांच्या अटकेला हातभार लावला त्याच्या संशोधनाची पानेच तेवढी मोजावीत, असे म्हणणारी संस्था तटस्थ नसून विस्मरणशील असते.

५

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स ही अभियंत्यांची मोठी आंतरराष्ट्रीय संस्था अमेरिकेत नोंदलेली आहे. २००२ साली तिने अमेरिकन आर्थिक निर्बंधांच्या आधारे इराण, क्युबा, लिबिया, सुदान यांसारख्या देशांतील सभासदांच्या अनेक सोयी बंद केल्या. सभासदत्व राहिले, पण त्याचे फळ गेले. त्या देशांतून आलेल्या लेखांचे परीक्षण व संपादन करण्यास स्वतंत्र परवाना लागत नाही, असा खुलासा अमेरिकन अर्थखात्याकडून २००४ मध्ये मिळाला. पुन्हा मे २०१९ मध्ये ह्वावे या चिनी कंपनीवर निर्बंध लादले गेले, तेव्हा त्या कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्यांना लेखपरीक्षणाच्या कामातून संस्थेने दूर ठेवले. चीनमधील विद्वानांनी तीव्र निषेध केला. सरकारकडून खुलासा मिळताच काही दिवसांत ही बंदी उठवण्यात आली. संस्थेने आपण कायद्यामुळे असे करीत आहोत हे उघड सांगितले, ही गोष्ट १९३८ च्या पत्राहून निश्चितच चांगली होती. तथापि खुलासा मागितल्यावर सूट मिळाली, यावरून एक धडा घेता येतो: आज्ञेचा अर्थ संशयास्पद असताना तिचा सर्वांत कडक अर्थ संस्थेने स्वतः होऊन लावू नये. शंकेचा लाभ सभासदाला द्यावा आणि खुलासा आधी मागावा.

पहिल्या अर्थाच्या राजकारणाचे उदाहरण भाषाशास्त्राच्याच क्षेत्रात २०२० साली घडले. स्टीव्हन पिंकर यांचे नाव लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ अमेरिकेच्या सन्माननीय फेलोंच्या व प्रसारमाध्यमांसाठीच्या तज्ज्ञांच्या यादीतून काढावे, अशी मागणी करणारे उघड पत्र शेकडो सह्यांनिशी संस्थेकडे आले. सामाजिक अन्यायाविषयी त्यांनी समाजमाध्यमांवर व लेखनात जी विधाने केली होती, ती या मागणीच्या मुळाशी होती. त्यांत आकडेवारीचा व दुसऱ्यांच्या लेखांचा विपर्यास आहे, असे पत्रलेखकांचे म्हणणे होते. टीकाकारांनी ते म्हणणे अमान्य केले. सभासदांच्या मतांवर किंवा ती व्यक्त करण्यावर नियंत्रण ठेवणे हे संस्थेचे कार्य नव्हे, अशी भूमिका संस्थेने घेतली आणि नावे काढली नाहीत.

हा निर्णय योग्य होता. परंतु त्याचे कारण नीट सांगावयास हवे. पिंकर यांची विधाने बरोबर होती म्हणून तो योग्य नव्हे. विधाने चुकीची असतील तर भाषाशास्त्रज्ञांजवळ चुकीच्या विधानांसाठी जुने व पुरेसे साधन आहे: खंडनपर लेख. जे खंडनाने होऊ शकते त्यासाठी यादीतून नाव खोडण्याचा मार्ग पत्करला, की खंडन करण्याची गरज कमी होते आणि संस्थेच्या सभांत युक्तिवादापेक्षा सह्यांची संख्या मोलाची ठरू लागते. १९१९ साली वीस मते होती, २०२० साली शेकडो सह्या होत्या. संख्येने प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही. ज्यांना बोआस यांच्याविषयी आदर वाटतो आणि पिंकर यांच्याविषयी वाटत नाही, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे, कारण नियम आवडत्या माणसासाठी करावा लागत नाही.

६

यावर एक गंभीर आक्षेप येतो. मत आणि वर्तन यांत सीमारेषा इतकी स्पष्ट नसते. बोलणे हीसुद्धा क्रियाच आहे, हे तर भाषाविचाराने गेल्या शतकात विशेष आग्रहाने मांडले. वचन दिले म्हणजे केवळ वर्णन होत नाही, बंधन उत्पन्न होते. तसेच सहकाऱ्याला देशद्रोही ठरवणारे भाषण हे केवळ मत नसून त्याच्या अटकेचे साधन ठरू शकते. मग 'मताला अभय, वर्तनाला दंड' हा नियम टिकतो कसा?

आक्षेप खरा आहे. त्याने नियम मोडत नाही, अधिक काटेकोर होतो. उक्तीचे परिणाम तिच्या शब्दांवर अवलंबून नसून बोलणाऱ्याच्या अधिकारावर आणि प्रसंगावर अवलंबून असतात. ज्याच्या शब्दामागे पोलीस, नेमणुका किंवा अनुदान उभे नाही, अशा सभासदाने काढलेला कठोर शब्द हे मतच राहते. तोच शब्द सत्तेच्या आसनावरून किंवा सत्तेच्या कानात उच्चारला गेला की तो वर्तन होतो. म्हणून संस्थेने विचारावयाचा प्रश्न 'सभासद काय म्हणाला' एवढाच नसून 'त्याच्या म्हणण्याने कोणाचे अभ्यासाचे स्वातंत्र्य गेले' हाही आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडते. दुसऱ्याचे उत्तर पुराव्याने सिद्ध करावे लागते.

या विवेचनावरून सभासदत्वाविषयीचा कोणताही ठराव मताला टाकण्यापूर्वी काही गोष्टी पडताळून पाहाव्यात असे दिसते. आरोप मताविषयी आहे की ज्ञानव्यवहाराला बाध आणणाऱ्या कृतीविषयी, हे ठरावात स्वच्छ लिहिले आहे काय? आरोप सत्य आहे की नाही याविषयी ठराव काही बोलतो काय, की 'असमर्थनीय', 'अशोभनीय', 'संस्थेच्या हिताला बाधक' अशा विशेषणांच्या आड तो लपतो? आरोपित सभासदाचे म्हणणे ऐकले गेले काय, आणि ज्यांचा स्वतःचा संबंध आहे ते मतदानापासून दूर राहिले काय? निर्णय शासनाच्या आज्ञेने होत असेल तर तसे नमूद केले आहे काय, आणि आज्ञेचा अर्थ संदिग्ध असल्यास खुलासा मागितला आहे काय? शेवटी, वाक्याचा कर्ता कोण आहे? संस्था काढत असेल तर 'संस्था काढत आहे' असेच लिहिले गेले पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थी आज ज्या परिषदांचे साधे सभासद आहेत, त्यांच्या कार्यकारिणीवर उद्या त्यांनाच बसावयाचे आहे. तेथे असे ठराव क्वचितच 'राजकारण' या नावाने पुढे येतात. ते शिस्त, प्रतिष्ठा, तटस्थता किंवा परिस्थिती या नावांनी येतात, बहुधा सभेच्या अखेरीस, घड्याळाकडे पाहत. केंब्रिजच्या सभेत दहा जणांनी विरुद्ध मत दिले होते. त्यांचा पराभव झाला; पण २००५ साली संस्थेला आपला शब्द मागे घ्यावयाचा झाला, तेव्हा तिला त्याच दहा जणांच्या बाजूला यावे लागले.